आज काय भिजत घालायचं? दोघांच्या घरचा आठवडा आखण्याची रीत

नवं बिऱ्हाड मांडलं की पहिल्या पंधरवड्यात बहुतेक घरांत एकच दृश्य दिसतं. संध्याकाळी साडेसातला फ्रीजचं दार उघडं, आत मऊ पडलेली भेंडी, काळी पडायला लागलेली कोथिंबीर, अर्धा कोबी, आणि बाहेर उभे दोघं विचारताहेत, ‘आज भाजी काय करायची?’ उत्तर सापडत नाही, मग बटाट्याची काचऱ्या-पोळी होते किंवा जेवण बाहेरून येतं. महिनाअखेर भाजीवर भरपूर खर्च झालेला असतो आणि त्यातली बरीचशी कचऱ्यात गेलेली असते.

घोटाळा भाजीपासून सुरुवात करण्यात आहे. घरातल्या सगळ्या सामानात भाजी सर्वांत आधी खराब होते आणि तिचेच भाव सर्वांत जास्त उसळतात. डाळी-कडधान्यांचं उलट आहे. ती महिनोन्महिने डब्यात राहतात, भाव एका आठवड्यात दुप्पट होत नाहीत, आणि शाकाहारी ताटातली प्रथिनं मुख्यतः त्यांच्याकडूनच येतात. म्हणून आठवडा कडधान्यांवर उभा करायचा आणि मंडईत त्या दिवशी जे ताजं नि स्वस्त असेल ते त्याच्याभोवती बसवायचं. विचारायचा प्रश्नही बदलतो आणि त्याची वेळही: आदल्या रात्री, झोपायच्या आधी, ‘उद्यासाठी काय भिजत घालायचं?’

पुढचा सगळा हिशोब दोन प्रौढांचा आहे. दोघंही नोकरीवर, सकाळी डबे, रात्रीचं जेवण घरी. चौघं असाल तर धान्य, डाळी, भाजी दुप्पट करा; फोडणीचं तेल आणि मसाला मात्र दुप्पट लागत नाही, दीडपट पुरतो.

पहिली पायरी: माणशी किती लागतं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधल्या सूचनांत, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी साधारण असं प्रमाण दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्याऐवजी अंडी, मासे, मटण) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. वजनं सगळी कच्च्या मालाची.

हे ताटात कसं दिसतं? तीस-तीस ग्रॅम पिठाच्या चार पोळ्या, अर्धी वाटी तांदळाचा भात आणि सकाळचे एक बशी पोहे, एवढ्यात अडीचशे ग्रॅम धान्य जवळजवळ संपतं. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे आमटीची सुमारे ३० ग्रॅम आणि उसळीची ५०-५५ ग्रॅम. बहुतेक घरांत धान्य यापेक्षा जास्त होतं आणि डाळ निम्मी. वाटीभर पातळ वरणात जेमतेम २० ग्रॅम डाळ असते. ‘रोज वरण-भात असतो की’ म्हणणाऱ्यांनी एकदा कुकरला लावण्याआधी डाळ वजन करून पाहावी.

या लेखातली वाटी १५० मिलीची. तिच्यात डाळ किंवा तांदूळ सुमारे १२५ ग्रॅम मावतात. स्वयंपाकघरात एकच वाटी ‘मापाची’ ठरवा आणि ती डाळीच्या डब्यातच ठेवून द्या.

दोघांचं महिन्याचं वाणसामान यातून सरळ निघतं. धान्य एकूण १५ किलो: गहू ६, तांदूळ ४, ज्वारी-बाजरी मिळून ४, पोहे-रवा १. डाळी-कडधान्यं ५ किलोच्या आसपास: तूरडाळ दीड किलो, मूगडाळ, हरभरा डाळ, मटकी, चवळी, अख्खा मसूर प्रत्येकी अर्धा किलो, उरलेल्या किलोभरात बेसन, हिरवे मूग, छोले किंवा वाटाणे. शेंगदाणे किलोभर. जे दिवस बाहेर जेवता ते आधीच वजा करा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात डब्यात किडे सापडतात.

तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. एक लिटर तेल दोघांना अडीच आठवडे तरी जायला हवं. तूप-लोणीही खात असाल तर आणखी जास्त. दहा-बारा दिवसांत संपत असेल तर तळण किंवा फोडणी, कुठेतरी हात सैल आहे. मिठाचंही तसंच: माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर किलोचा पुडा दोघांना तीन महिन्यांहून अधिक पुरतो. पापड, लोणची, फरसाण यांतलं मीठ या पुड्यात दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर ही मापं तशीच्या तशी न घेता डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून बदला.

दुसरी पायरी: स्वस्त काय, हे दोन भागाकारांनी ठरवा

पहिला भागाकार प्रथिनांचा. १०० ग्रॅम तूरडाळ, मसूर, मूग यांत साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात सुमारे २५, सोया वड्यांत ५० च्या आसपास, पनीरमध्ये १८, एका अंड्यात ६. आता भाव घालून बघा. समजा तूरडाळ १५० रुपये किलो आहे. १० ग्रॅम प्रथिनं पावणेसात-सात रुपयांना पडली. अंडं ७ रुपयांना असेल तर तेवढीच प्रथिनं साडेअकरा रुपयांना. पनीर ४०० रुपये किलो असेल तर बावीस रुपयांना. आकडे तुमच्या दुकानाच्या भावानं बदलतील, क्रम सहसा बदलत नाही. पनीर आवडीनं जरूर खा, ‘प्रथिनांसाठी’ म्हणून आठवड्याला किलोभर आणू नका.

दुसरा भागाकार निवडणीचा, आणि तो कुणीच करत नाही. मटार समजा ६० रुपये किलो आहे. सोलल्यावर हातात ४५० ग्रॅमच्या आसपास दाणे येतात, म्हणजे खरा भाव १३० रुपयांच्या वर गेला. मेथीची ३०० ग्रॅमची जुडी निवडून निम्मी उरते. कोबीचा मात्र दांडा आणि वरची दोन पानं सोडली तर सगळा गड्डा वापरात येतो. लाल भोपळा आणि दुधीचंही तसंच. तांदुळजा आणि पालक यांचे कोवळे देठ चिरून घालता येतात, म्हणून त्यांची जुडी मेथीपेक्षा किफायतीची. फुलकोबीचे दांडे आणि कोवळी पानं बारीक चिरून आमटीत किंवा पराठ्यात जातात. ती टाकली तर फुलकोबी महाग, वापरली तर बरी.

तिसरी पायरी: भिजवण्याचं वेळापत्रक

इथे वेळ द्या. हे एकदा हातात बसलं की बाकीचं आपोआप रांगेत येतं.

मटकीपासून सुरुवात करा, कारण ती चुका लवकर दाखवते. दीड वाटी मटकी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा, तिप्पट पाण्यात भिजत घाला. सकाळी आठला घातली तर संध्याकाळी सहा-सातला उपसा. चाळणीत दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या; घाई इथेच होते आणि इथेच बिघडतं. मग ओल्या सुती फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा, खाली ताटली, वर झाकण. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड दिसतात. डिसेंबर-जानेवारीत वीस-चोवीस तास लागतात. तेव्हा कोमट पाण्यात भिजवा आणि पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. दीड वाटीची साधारण चार वाट्या मोड आलेली मटकी होते: दोन वाट्यांची उसळ, उरलेल्या दोन झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये, तीन दिवसांच्या आत संपवायच्या.

काय बिघडतं? मटकी बुळबुळीत झाली, आंबूस वास आला: पाणी निथळलं नव्हतं, पुरचुंडी घट्ट होती किंवा हवा फार गरम होती. थोडासाच बुळबुळीतपणा असेल तर धुऊन शिजवता येते, वास आला असेल तर टाका. मोडच आले नाहीत: माल जुना आहे, दुकान बदला. भिजूनही काही दाणे खड्यासारखे राहिले तर ते गणंग. ते शिजत नाहीत आणि नेमके दाताखाली येतात. उपसल्यावर मटकी परातीत पसरून हात फिरवला की बोटाला लागतात, वेचून टाका.

मोडांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे की त्यांनी प्रथिनं दुप्पट होतात. होत नाहीत. दाणा पाणी पिऊन फुगतो म्हणून आकार वाढतो. मूठभर कोरड्या मटकीत जेवढी प्रथिनं होती तेवढीच तिच्या मोडांत असतात. फायदा वेगळा: क जीवनसत्त्व वाढतं, पचायला सोपं होतं आणि शिजायला गॅस कमी लागतो.

उसळ करताना मोडाची मटकी कुकरला लावू नका, गाळ होतो. फोडणीवर परतून, झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं वाफ आणली की दाणा अख्खा राहून मऊ होतो. झाकणातलं गरम झालेलं पाणीच लागेल तसं आत घाला. चिमूटभर सोडा घालून लवकर शिजवण्याची सवय लावून घेऊ नका, त्यानं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आणि आंबट, मग ते आमसूल असो, चिंच असो की टोमॅटो, दाणा शिजल्यावरच. आधी पडलं तर कडधान्य तासभर उकळूनही कडक राहतं. डाळ न शिजण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच असतात. उरलेल्या जड पाण्याच्या. बोअरचं पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला आरओचं, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरून बघा.

बाकीच्यांच्या वेळा अशा. चवळी चार-पाच तास, मोडांची गरज नाही, कुकरला दोन शिट्ट्या. अख्खा मसूर दोन तास. विसरलात तर न भिजवताही होतो, दोन-तीन शिट्ट्या जास्त. हिरवे मूग मटकीसारखेच, मोड थोडे लवकर येतात. छोले, हरभरे, पांढरे वाटाणे रात्रभर, आठ-दहा तास, मग पाच-सहा शिट्ट्या. तूरडाळ अर्धा तास भिजली तरी गॅस वाचतो. मूगडाळीला, मसूरडाळीला काहीच नको. कडवे वाल मात्र सुटीच्या दिवसाचं काम: बारा तास भिजवणं, दिवसभर मोड, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलणं. बिरडं सुंदर होतं, पण पहिल्याच महिन्यात त्याच्या वाट्याला जाऊ नका.

हरभरे भिजत घालायला विसरलात तर उकळतं पाणी आणि हरभरे पोळ्यांच्या हॉटकेसमध्ये घालून घट्ट झाकून दोन तास ठेवा. रात्रभर भिजवल्याइतके नाही, पण कुकरला लावण्याजोगे होतात.

चौथी पायरी: मंडई

आठवड्यातून दोनदा जा, एकदाच सात दिवसांची आणू नका. रविवारी सकाळी मोठी खरेदी, गुरुवारी संध्याकाळी छोटी. दोघांना आठवड्याला पाच-साडेपाच किलो भाजी लागते (कांदा, टोमॅटो, काकडी धरून, बटाटा यात धरू नका, ताटात तो भात-पोळीच्या बाजूला बसतो). रविवारची पिशवी साधारण अशी: दोन जुड्या पालेभाजी, अर्धा किलो भेंडी किंवा गवार, एक लहान कोबी, एक दुधी किंवा भोपळ्याची फोड, काकडी-गाजर-मुळा-बीट मिळून किलोभर, अर्धा किलो टोमॅटो, किलोभर कांदे, चार-पाच लिंबं, कोथिंबीर, मिरच्या, आलं.

वापरण्याचा क्रम खराब होण्याच्या क्रमानं. सोम-मंगळ पालेभाजी आणि भेंडी, मग गवार-वांगी, मग कोबी-फ्लॉवर, शेवटी दुधी, भोपळा, गाजर. पालेभाजी आणल्याच दिवशी निवडा, पण धुऊ नका. कोरडी, कागदात गुंडाळून डब्यात. धुवायची चिरण्याआधी. चिरून धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

ऋतू पाळला की विविधता फुकट मिळते. थंडीत मटार, गाजर, पावटा, हरभऱ्याचा पाला, मुळा, ताजी तूर. जानेवारीतली भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी म्हणजे त्या मोसमात जे जे पिकतं त्याची एका भांड्यातली यादीच. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात, चिखलानं भरलेल्या असतात. तेव्हा दोडका, पडवळ, दुधी, कार्ली यांच्याकडे वळा. टाकळा, कुर्डूसारख्या रानभाज्या ओळखीच्या विकणारीकडूनच घ्या आणि शिजवायची पद्धतही तिलाच विचारा. उन्हाळ्यात भाजी कमी आणि कडक. कडधान्यं, कैरी, काकडी, ताक यांवर भर. मटार स्वस्त असताना दोन-तीन किलो सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडे करून फ्रीजरमध्ये टाकले तर उन्हाळ्यापर्यंत पुरतात.

पाचवी पायरी: आठवडा कागदावर

पदार्थांची नावं सात दिवस भरून काढलेला तक्ता बुधवारपर्यंत मोडतो. खाली नावं दिली आहेत ती नमुना म्हणून. पाळायची आहे ती जागा: उसळीचा दिवस, आमटीचा दिवस, पिठल्याचा दिवस.

रविवारी सकाळी मटकी भिजत, रात्री बांधून ठेवायची. सोमवारी डब्यात मटकीची उसळ-पोळी. (थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा शनिवारी रात्रीच भिजवा.) सोमवारी रात्री दीड वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरला लावा, चार वाट्या पाणी, चमचाभर तेल टाकलं की फेस शिट्टीतून बाहेर येत नाही. शिजलेली निम्मी डाळ मेथी किंवा पालकाच्या पातळ भाजीत, दाणे घालून, भाकरीबरोबर. उरलेली निम्मी, मीठ-आंबट काही न घालता, फ्रीजमध्ये.

मंगळवारी डब्यात भेंडी किंवा गवार, दाण्याचा कूट लावून. रात्री त्या राखलेल्या डाळीची आमटी, भात, काकडीची कोशिंबीर. आमटीला कुकर लागत नाही, वीस मिनिटांत जेवण होतं. बुधवारी सकाळी डब्यासाठी चवळी हवी, म्हणून मंगळवारी झोपताना एक वाटी भिजत. बुधवारी रात्री उरलेली मटकी घालून मसालेभात आणि ताक.

गुरुवारी डब्यात कोबी, त्यात पाव वाटी भिजवलेली हरभरा डाळ. रात्री पिठलं-भाकरी-कांदा. हा दमलेल्यांचा दिवस, आणि तो मुद्दाम आठवड्याच्या मध्यानंतर ठेवला आहे. पाऊण वाटी बेसन दोघांना पुरतं. बेसनाच्या जागी कुळथाचं पीठ असेल तर कोकणी पिठी होते, आणि भाकरीऐवजी मऊ भात लावता येतो.

शुक्रवारी डब्यात अंडा भुर्जी, अंडी खात नसाल तर दुधी-हरभरा डाळ. रात्री अख्खा मसूर, वर लिंबू. शनिवारी थालीपीठ-दही आणि फ्रीजमधल्या सगळ्या उरलेल्या भाज्यांचं सांबार किंवा मिश्र भाजी. शनिवारी रात्री छोले भिजत, किंवा रविवारी मासे-चिकन. रविवारची रात्र कागदावर कोरी ठेवा. कुणीतरी बोलावतं, कुणीतरी येतं.

नाश्त्याला पोहे-उपमा दोनदा पुरे, आणि त्यांत दाणे, मटार किंवा मूठभर मोड हवेतच. नुसते कांदेपोहे खाल्ले की अकराला पुन्हा भूक लागते. एक-दोन दिवस मूगडाळीची धिरडी: वाटीभर डाळ रात्री भिजवून, सकाळी आलं-मिरचीबरोबर वाटून. एवढं सगळं केलं की आठवड्याला किलोभर डाळी-कडधान्यं पोटात जातात, अंडी आणि दूध-दही वेगळं. पालेभाजी आणि बाजरीतलं लोह अंगी लागायला ताटात लिंबाची फोड हवी. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह बरंचसं वाया जातं; तासभर थांबा.

सहावी पायरी: पीठ आणि भाजणी

बाजरी एका वेळी किलोभरच दळून आणा. तिच्यातल्या स्निग्धांशामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं. उन्हाळ्यात त्याहून लवकर, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा. ज्वारीचं पीठ इतक्या लवकर कडू होत नाही पण जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते: भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना तुटते. नवशिके आपल्या हाताला दोष देतात, दोष पिठाचा असतो. अशा पिठात उकळतं पाणी घालून, झाकून, पाच मिनिटांनी मळलं की जमतं. मळायचं एका भाकरीपुरतंच, आणि तळहातानं भरपूर रगडून.

भाजणी घरात असली की बिघडलेला कुठलाही दिवस सावरतो. दोघांच्या महिन्यापुरतं प्रमाण: ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ अर्धी, गहू अर्धी, धने पाव वाटी, जिरे दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजा. एकत्र भाजलं तर जिरे जळतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते. मग थालीपीठ पिठूळ लागतं. डाळ गुलाबी झाली, खमंग वास सुटला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्या. गरम भाजणी डब्यात भरली तर वाफ धरते, गोळे होतात. एवढ्यात पंधरा-सोळा थालीपिठं होतात. गिरणीवाल्याला आधीच सांगा की भाजणी आहे, जरा जाडसर; मिरचीनंतर लगेच दळून घेऊ नका.

दाण्यांचा कूटही पंधरा दिवसांपुरताच. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले दाणे भाजण्याआधी वेचून टाका. भाजून चव लपते, पण बुरशीचं विष पूर्ण जात नाही.

सातवी पायरी: उरलेलं

पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, आमटी उरली तर तिच्यात कणीक मळून धपाटी, उसळ उरली तर फरसाण-कांदा घालून मिसळ. यात नवीन काही नाही. भाताचं मात्र नीट ऐका. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची रीत जुनी असली तरी धोक्याची आहे. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत; कोमट भातात ते वाढतात आणि विष सोडतात, जे पुन्हा परतून जात नाही. जेवण झालं की तासाभरात भात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी जमवा: सोमवारची मटकी आणि एका कुकरच्या डाळीचे दोन दिवस. बाकीचं जेवण जसं चालू आहे तसं चालू द्या. दुसऱ्या आठवड्यात पिठल्याचा आणि चवळीचा दिवस जोडा, तिसऱ्यात भाजणी. नवा पदार्थ आठवड्याला एकच, तोही सुटीच्या दिवशी. मंगळवारी संध्याकाळी व्हिडिओ बघत नवी भाजी करायला गेलं की रात्रीचे दहा वाजतात आणि दुसऱ्या दिवशीचं भिजत घालायचं राहतं. भिजत घालण्याची आठवण फोनच्या गजरात टाका, रात्री साडेनऊची. काम दोघांत वाटून घ्यायचं असेल तर हेच वाटा: ज्यानं स्वयंपाक केला नाही, त्यानं निवडून, धुऊन भिजत घालायचं.

घाऊक दुकानात पाच किलोवर सवलत दिसते म्हणून पहिल्याच महिन्यात पोतं आणू नका. कोणतं कडधान्य तुमच्या घरात खरंच संपतं, हे तीन महिन्यांनी कळतं. मसाल्याची पाकिटं सगळ्यांत लहान घ्या.

कागद फ्रीजच्या दारावर लावा आणि दर शनिवारी रात्री त्यावर दोन खुणा करा: काय टाकून द्यावं लागलं आणि काय कमी पडलं. सलग दोन आठवडे एकच भाजी टाकली गेली असेल तर ती पुढच्या रविवारी निम्मी घ्या. मग कागद उलटा करा, मागच्या बाजूला पुढचा आठवडा लिहा, आणि मटकीचा डबा काढून ओट्यावर ठेवा.